ताटातली मोठी तुकडी

शहापूर,
दि. ९ फेब्रुवारी १९९७

ति. सौ. शालनताईस,
धाकट्या बहिणीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

ताई, आधी खाली बस, मग वाच. आमचे हे टीव्हीत येणार! थट्टा नाय करत. कारखान्याच्या नाटकात ह्यांचं काम बघून मुंबईच्या एका मालिकेवाल्यानं बोलावलं होतं. विनोदी मालिका आहे, दर गुरुवारी कामगार नवरा-बायकोच्या घरातली गंमत, दर वेळी नवं जोडपं. एका भागात हे नवरा झालेत. शूटिंगही होऊन गेलं. मला कधी सांगितलं, तर परवा, तेही दाढी करताना. तिथं काय केलंत विचारलं, तर म्हणाले, जेवलो. तुझा मेहुणा असा बोलघेवडा. वीस तारखेला संध्याकाळी साडेसातला दाखवणार.

आळीत नुसता कल्ला चाललाय, मीही हवेत आहे. पण तुला म्हणून सांगते, त्या टीव्हीतल्या बायकोनं माझी झोप उडवलीय. तिच्या हातचं हे ताट पुसून खातील. माझ्या हातचं लग्न झाल्यापासून कधी संपवलं नाय. मच्छीच्या दोन तुकड्या वाढल्या की बारकी खातात आणि मोठी भाकरीवर तशीच ठेवून उठतात. विचारलं तर असू दे म्हणतात. नवऱ्याच्या ताटातलं बाईनं खायचं नाय, ही आपल्या बाबांची शिकवण. म्हणून तुकडी बोक्याला घालते आणि मी रस्साभात खाते. बोक्या असा फुगलाय की खिडकीच्या गजातून शिरत नाय. माझ्या हाताला चवच नाय गो, दुसरं काय.

दाजींना जयभीम. माया आहे तशी दाट असू दे.
तुझी संध्या


धसई,
दि. १४ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. संध्यास,
जयभीम आणि अ. आ.

तुझं पत्र घेऊन तुझे दाजी अख्खा बाजार फिरले. दुसरं पान मी पदराखाली दाबलं म्हणून तुझी अब्रू राहिली. महिपत भातवाल्याच्या दुकानात टीव्ही आहे. गुरुवारी तो वजनकाटा बंद ठेवणार नि अँटेना बांबूवर चढवणार. दाजी आतापासूनच लोकांना जागा वाटून देतायत.

आणि हाताला चव नाय म्हणजे काय? आईची चव तुझ्या हातात उतरली, माझ्या वाट्याला तिचा राग तेवढा आला. टीव्हीतल्या बायकोला घाबरतेस होय? तिचा संसार बटण दाबलं की संपतो. भूषण मुका असला तरी तू नायस, तोंड उघडून नीट विचार त्याला.

आमच्या दोघांचा जीव तुमच्यात आहे, तसाच तुमचा इकडे असू दे.
तुझी ताई


शहापूर,
दि. २१ फेब्रुवारी १९९७

ति. सौ. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हसू की रडू ते कळत नाय. काल घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मालिका लागली, ह्यांचं तोंड दिसलं, टाळ्या पडल्या आणि लाइट गेली. आली तेव्हा बातम्या चालू. हे दुसऱ्या पाळीला होते, त्यांनीही नाय पाहिलं. सांगितलं तर म्हणतात, बरं झालं. त्यांना विचारायचं धाडस अजून झालं नाय.

तुमच्याकडे लाइट होती का? असेल तर सगळं लिही. त्या बाईच्या हातचं ह्यांनी संपवलं का, ते आधी लिही.

घाईत आहे, माया धरून बस.
संध्या


धसई,
दि. २५ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. संध्यास,
जयभीम आणि अ. आ.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाय संपवलं.

आता गोष्ट ऐक. टीव्हीतली बायको मिक्सरसाठी रुसलेली. भूषणचं म्हणणं, पाटा-वरवंटा असताना मिक्सर कशाला. मग तीच त्याला पाट्यावर बसवते. भूषण मिरच्या वाटताना डोळ्याला हात लावतो आणि घरभर नाचतो. दुकानात माणसं लोळायची बाकी होती, तुझे दाजी हसता हसता भाताच्या गोणीवरून खाली आले. शेवटी ती रागानं ताट आपटते. ताटात दोन तुकड्या. भूषण बारकी खातो, मोठी भाकरीवर ठेवतो नि उठायला लागतो. ती बाई खरीच गोंधळल्यासारखी वाटली. तिनं विचारलं, आवडलं नाय का. तो खाली मान घालून म्हणाला, तुझं जेवण व्हायचंय ना अजून.

हसणं राहिलं बाजूला गो. महिपतची म्हातारी डोळे पुसत होती. मग ती बाई तिथंच बसून ती तुकडी खाते आणि मालिका संपते. लिहिणारा बायकोवर जीव असलेला दिसतो, असं मी दाजींना म्हटलं. त्यांनी घरी आल्यावर माझ्यासाठी भाकरी ठेवली, तीही करपलेली.

आत्ता हे लिहिताना हात थांबला. संध्या, मोठी तुकडी भाकरीवर, हे तूच मला लिहिलं होतंस ना? आज विचार त्याला.

माझ्या जिवाला घोर लावू नकोस, लगेच लिही.
तुझी ताई


शहापूर,
दि. १ मार्च १९९७

ति. सौ. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र उभ्यानं वाचायला घेतलं आणि मटकन खाली बसले. हे पाळीवरून आले तेव्हा ताट वाढलंच नाय, आधी विचारलं. बराच वेळ चपलेची धूळ झटकत राहिले. मग म्हणाले, ताट संपवा असं दिग्दर्शकानं सांगितलं होतं, पण घरी जेवता तसं जेवा असंही म्हणाला. घरी जेवतो तसा जेवलो. त्याला ते आवडलं, त्यानं तसंच ठेवलं.

मी भांडलेच. इतकी वर्षं मला का नाय सांगितलं? तर म्हणाले, त्यात सांगायचं काय, मोठी तुकडी तुला ठेवायची हे काय बोलून दाखवायचं असतं? सकाळी ताट रिकामं दिसायचं, मला वाटायचं तू खातेस. ताई, मला हसू आलं आणि मग रडू थांबेना. बोक्याचं सांगायला जीभ रेटली नाय. तू इकडे येशील तेव्हा तोंड सांभाळ.

काल दोघं एकदमच जेवायला बसलो, दोन ताटं घेऊन. ह्यांनी मोठी तुकडी माझ्या ताटात ठेवली. बोक्या दारात बसून ओरडत होता, त्याला रस्साभात घातला. मी तुकडी खाल्ली. माझ्या हाताला चव आहे गो ताई, इतकी वर्षं ती फक्त बोक्याला ठाऊक होती.

अशीच कान उपटत राहा.
तुझी संध्या