कान शाबूत आहे तोवर

अवोन्डेल, जुलै २०१६

प्रिय तहसीन,

‘अब्बा, हीप्स काम आहे, नंतर बोलू,’ हा तुझा मेसेज मिळाला. ढीगभर काम म्हणजे वेलिंग्टनमधले सगळे आजारी लोक तुझ्याच फार्मसीत रांग लावतात की काय? इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. रविवारच्या बाजारात भिजत जाऊन मेथी आणली, पण एकट्यापुरती करायची इच्छा झाली नाही.

मशिदीतला कुराणपठणाचा वर्ग मी सोडला. उजवा कान कधीच गेला होता, आता डावाही दगा देतो. परवा एका मुलीने अख्खी आयत नियमाने हवा असलेला नाकातला गुंजारव गाळून म्हटली आणि मी मान डोलावून तिला पुढे जाऊ दिलं. इमामसाहेबांनी बाजूला घेऊन हळूच सांगितलं. हळूच सांगितल्यामुळे बिचाऱ्यांना ते दोनदा सांगावं लागलं. मला फार लाज वाटली.

लहानपणी तुला शातिबींची गोष्ट आवडायची. आठशे वर्षांपूर्वीचे ते अंध विद्वान. अंदलुसियातून कैरोला गेले, पठणाचे नियम त्यांनी पद्यात बांधले. दिसत नाही तर चुका कशा कळायच्या, असं तू विचारायचीस. अगं, या विद्येला डोळे लागतच नाहीत, कान लागतो. शिष्याने समोर बसून संपूर्ण कुराण तोंडपाठ म्हणायचं, उस्तादाने ऐकायचं, मगच पुढे शिकवायची इजाजत द्यायची. शातिबींकडून दाभोळच्या माझ्या उस्तादांपर्यंत हे असंच आलं आणि माझ्यापाशी येऊन थांबलं. मुलगी म्हणून मी तुला कधी सूट दिली नाही, तरी तू कुराणाच्या तीस भागांतल्या शेवटच्या पाऱ्यापर्यंत पोचली होतीस. मग अम्मी गेली आणि तुझा आवाजच फुटेना. मी त्यावर कधी बोललो नाही, पण तेव्हापासून घर खायला उठतं.

महिनाअखेरीस माझं ऑपरेशन आहे. डाव्या कानात गाठ निघालीय, तिच्याबरोबर कानाची नसही जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. हे मला मेसेजमध्ये लिहवेना, आणि फोनवर तुझं बोलणं आता कळत नाही. म्हणून हे पत्र. ऑपरेशनआधी ये. उस्ताद-शिष्यांची साखळी तुटू नये म्हणून बोलावतोय असं वाटेल, तेही आहेच. पण अम्मीचा आवाज तुझ्या गळ्यात उतरलाय, बेटा. मला शेवटचं काही ऐकायचं असेल, तर ते तुझ्या तोंडून. तो राहिलेला पारा रडू आलं तर रडत म्हण, चुकलीस तर चुकत म्हण. इजाजत देता आली नाही तरी चालेल.

दाराकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच
अब्बा