डेपोची जागा आणि सातवं पान

सोमवार, ३ मार्च
अब्रह्मण्यम्! माझं लाल पेन चोरीला गेलं. कचेरीत पाच माणसं, पाचही सुशिक्षित – पेन सुरक्षित राहणार कसं? त्यात मुद्रितशोधक रजेवर. उद्याच्या सातव्या पानाची प्रुफं माझ्या गळ्यात. बातमीदाराने जाहिराती तपासायच्या! उसन्या हिरव्या पेनाने तपासल्या. जांभया देत.

शनिवार, ८ मार्च
ताईकडे गेलो. भावोजी बस चालवतात. बावीस वर्षं डेपोमागच्या क्वार्टर्समध्ये राहतात. डेपोची सगळी जागा विद्यापीठाला वसतिगृहासाठी हवी आहे, अशी कुजबुज. क्वार्टर्समध्ये विरोधाच्या सह्या चालू.
"तू पेपरात आहेस ना? मग खरं सांग. सामान बांधू का?"

मंगळवार, ११ मार्च
नगरसेवकाला गाठलं. परिवहन समितीचा अध्यक्ष. शाळेत संस्कृतच्या तासाला माझ्याच बाकावर – माझी रूपं बघून पास झालेला!
"पंडित, ताईच्या हातचं जेवलोय मी. इंचभर जागा जाणार नाही. छाप बिनधास्त."

बुधवार, १२ मार्च
छापलं. पहिल्या पानावर. ताईने क्वार्टर्समध्ये मोठ्याने वाचून दाखवलं म्हणे – "माझ्या भावाने लिहिलंय!" सह्यांचे कागद तिथेच गुंडाळले.

सोमवार, ७ एप्रिल
जागा विद्यापीठाला. सात मिनिटांत मंजूर! "मुदतीत एकही हरकत आली नाही," अध्यक्षमहाराज छताला उद्देशून म्हणाले.
जिन्यात अडवलं. "इंचभर नाही म्हणाला होतास!"
"अरे, सूचना रीतसर छापली होती. महिन्याची मुदत होती. तुमच्याच पेपरात! स्वतःचा पेपर वाचत नाहीस होय, पंडित?" वर खांद्यावर हात. केसाने गळा कापायचा आणि तोही थोपटत थोपटत.

मंगळवार, ८ एप्रिल
भावोजींचा फोन. क्वार्टर्समध्ये लोक माझ्या नावाने बोटं मोडतायत. ताई एकटी सगळ्यांशी भांडते – "त्याला फसवलंय! सूचना दिसली असती तर त्याने पहिल्यांदा मला सांगितलं असतं."

बुधवार, ९ एप्रिल
कपाटातून ४ मार्चच्या सातव्या पानाचं प्रुफ काढलं. डाव्या कोपऱ्यात सूचना. दोन वेलांट्या सुधारलेल्या, हिरव्या शाईत. खाली माझी सही.
ताईला कसं सांगू, कळत नाही. ती अजून माझ्या बाजूने भांडते आहे.