सुनीची कुबडी

शुक्रवार, १६ जून २००६

आज पूर्णा गावच्या गोदामात आमच्या सुनीची नोकरीची मुलाखत होती. साहेब तिला विचारत होता अन् उत्तरं मी देत होते. पोरगी बी.कॉम. झाली, तोंड मात्र माझंच! शेवटी तो म्हणाला, "मावशी, नोकरी हिला पायजे का तुम्हाला? बाहेर बसा."

रागानं उठले. बाहेर येऊन बघते तर तिची कुबडी माझ्याच हातात. ती बसली की कुबडी मी काढून घेते, लहानपणापासूनची सवय.

परत आत कशी जाऊ? मुलाखत संपली तशी पोरगी भिंत धरून दारापर्यंत आली. मला हाक तरी मारायची!

रिक्षात म्हणाली, "आई, सोमवारी परत बोलावलंय. मी एकटी जाईन."

पडली म्हंजे?

कुबडी आता तिनं आपल्या खाटेला टेकवलीय. माझा हात सारखा तिकडंच जातो.