कालच्या तारखेचं दही

२ नोव्हेंबर, सोमवार
नोकरी लागली! सत्तावन्नाव्या वर्षी! हिरवा एप्रन, छातीवर बिल्ला. काम एकच — किराणा दुकानभर फिरून तारखा बघायच्या. जुना माल पुढे, नवा मागे. मुदत संपली की उचलायचं आणि मागच्या खोलीत पाकीट फाडून पिंपात टाकायचं, म्हणजे पुन्हा कुणी फळीवर मांडायला नको.

दारावर पाटी आहे — मुदत संपलेली वस्तू शोधा, ताजी फुकट न्या. मॅनेजर म्हणाले, "पहिला महिना कच्चा. गिऱ्हाइकाला अशा तीन वस्तू सापडल्या, की तुम्ही घरी." घरी म्हणजे? ही भाड्याची खोली सोडून परत भावाकडे! वहिनी तर टपलेलीच. "झेपणार नाही हो ताई तुम्हाला!" झेपवून दाखवते!

६ नोव्हेंबर, शुक्रवार
एक निवृत्त मास्तर आहेत. गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग! रोज दहाच्या ठोक्याला हजर. एकेक डबा उलटा करून पेपर तपासल्यासारखा वाचतात. आज बिस्किटं सापडली, परवाच मुदत संपलेली. "बाई, एक चूक," म्हणाले. मेला कोण कुठला!

११ नोव्हेंबर, बुधवार
आज मास्तर हात हलवत परत. मी मुद्दाम दारापर्यंत पोचवायला गेले.

१७ नोव्हेंबर, मंगळवार
दुसरी चूक. जॅमची बाटली, सगळ्यांत खालच्या फळीवर, पार कोपऱ्यात. त्यासाठी सत्तरीचा माणूस चक्क फरशीवर बसला! उठवायला हात मलाच द्यावा लागला. सोडायला दोघांनीही जरा उशीरच केला. — काय लिहितेय मी हे!

२६ नोव्हेंबर, गुरुवार
वेड लागलंय मला. भावाकडे जेवायला गेले आणि आधी सॉसची बाटली उलटी केली. दोन वर्षं जुनी! वहिनीचं तोंड बघण्यासारखं. भाऊ हसून हसून ठसकला.

मास्तरांनी विचारलं, "पुढच्या महिन्यात असाल ना?" तीन चुकांचं सांगून टाकलं. म्हटलं, "आता तुमच्याच हातात." भिंग पुसत निघून गेले.

२९ नोव्हेंबर, रविवार
"हिरवा रंग शोभतो तुम्हाला." मास्तर म्हणाले! मला! नंतर दह्याचे डबे मांडताना मी गुणगुणत होते. दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

३० नोव्हेंबर, सोमवार
दात घासता घासता आठवलं — काल गुणगुणण्याच्या नादात नवे डबे पुढे मांडले! कालच मुदत संपणारा एक मागेच राहिला!

धावत गेले. डबा नाही! गल्ल्यावरची म्हणाली, "मास्तर आज दुकान उघडताच येऊन गेले." झालं! तिसरी चूक. आजच, शेवटच्या दिवशी! दिवसभर मनातल्या मनात सामान बांधत होते.

सहाला मॅनेजरनी बोलावलं. हातात कागद दिला. नोकरी पक्की! "दोनच चुका, बाई. चांगलं काम केलंत." मला काही कळेना. मग तो डबा गेला कुठे?

१ डिसेंबर, मंगळवार
मास्तर दहाला आले. गळ्यात भिंग नाही. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "काल पूर्ण पैसे देऊन दही घेतलं. जरा आंबट निघालं, पण संपवलं." पुरावाच खाऊन टाकला माझ्या मास्तरांनी! येताना आजच्या तारखेचं दूध आणलं, विरजण लावलंय. उद्या माझ्या खोलीवर येतायत.