अकरा नंबरच्या टेकडीतले बीट

स्टेनहोव्हे, ९ नोव्हेंबर १९२६

सिरिएल भाऊजी,

लढाई आली त्या सकाळी मी गाईची धार काढली, चुलीतली राख उपसली, दूध गाळून ठेवले, आणि तुमचे भाऊ परसामागे गुरांच्या बिटांच्या ढिगावर पेंढा पसरून वरून माती ओढत होते. पण आधी तुमची खुशाली विचारायला हवी होती, नमस्कारही राहिला. तो घ्यावा. कंबर कशी आहे? (तुमच्या इर्माला सांगा, मोजे पोचले. त्यातला एक मोजा वीतभर लांब आहे. तो दुखऱ्या गुडघ्याच्या पायात घालते.)

तर तो ढीग. लांबट, पुरुषभर उंच, दरवर्षीसारखाच. आपला मुलूख असा सपाट की कोंबडी पाटावर चढली तर तिला समुद्र दिसावा. पण लढाई आमच्या शेतात आली तेव्हा आपल्या फौजेचा नकाशा काढणारा अधिकारी होता डोंगराळ भागातला. त्याने धुक्यात आमचा ढीग पाहिला आणि त्याला घर आठवले असावे. नकाशावर 'टेकडी क्रमांक ११' झाली. तो नकाशा जर्मनांच्या हाती लागला, मग त्यांनाही ती हवीशी झाली. नऊ दिवसांत पाच वेळा ती जिंकण्यात आली. बीट कोणीच मोजले नाहीत.

हे मला कळले ते एका निवृत्त कर्नलसाहेबांनी लिहिलेल्या महायुद्धाच्या इतिहासातून. पाद्रीबाबांकडून आणून वाचला. फ्रेंच मी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकले, त्यामुळे सावकाश वाचते, आणि सावकाश वाचणाऱ्याला खोटे लवकर सापडते. गेल्या मंगळवारी साहेब स्वतःच आले, मागे पाच शिकाऊ अधिकारी. काठीने शेत टोचत म्हणाले, "बाई, इथली टेकडी कुठे गेली?"

"गाईने खाल्ली, साहेब."

त्यांनी वहीत लिहून घेतले की टेकडी तोफखान्याने नष्ट केली.

मग मी पान २१२ काढले. लढाईच्या तिसऱ्या दिवसाची हकिगत. 'शेतकऱ्याच्या वेषातील एक इसम, बहुधा हेर, हातातील चकचकीत वस्तूने शत्रूस इशारे करीत असता गोळी लागून ठार झाला.' भाऊजी, ब्लेस गाय दोन दिवस उपाशी हंबरत होती. हे बादली घेऊन निघाले. "त्यांना सांगून तरी येतो, बीट आहेत म्हणून," एवढेच बोलले. (पान २१० वर साहेबच लिहितात की त्या दिवशी दाट धुके होते. धुक्यात चकाकणारी बादली मी अजून पाहिलेली नाही.)

साहेबांना म्हटले, ती बादली होती, आणि तो माझा नवरा. ते म्हणाले, "बाई, युद्धात अशा गोष्टी दुरूनच ठरवाव्या लागतात." खरे असेल. ते स्वतः तेव्हा अठरा मैल मागे होते, पान आठ.

असो. त्यांना कॉफी दिली. साखर दिली नाही.

तुमची वहिनी,
झुल्मा

ता. क. या पुस्तकाची फ्लेमिश आवृत्ती तुमच्याच छापखान्यात, तुमच्याच हाताने खिळे जुळवून छापली जाते आहे, असे इर्माने कळवले. टेकडी राहू द्या. तिच्यासाठी पदके वाटून झाली आहेत, ती आता कोण परत मागणार. पण त्या पानावरचे 'बहुधा हेर' काढा आणि तिथे 'शेतकरी ओदिलॉन फेरहाघे' बसवा. जागा कमी पडली तर 'पराक्रम' हा शब्द गाळा, त्या पानावर तो सहा वेळा आहे. तुम्हाला ताकीद मिळेल, हे मला ठाऊक आहे. तरी मागते.

आणखी एक. हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काय केले, असे इर्मा नेहमी विचारते. पहाटे धुके होतेच. मी टेकडीवर गेले, त्यांच्या अंगावर घोंगडी घातली, बादली बिटांनी भरून आणली, गाईला घातले आणि धार काढली.