तुमचा अर्ज मी लिहिला होता

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता देवासात तुमचं नाव काढणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले असतील. मी धारला आहे आणि अजून फुटबॉलच शिकवतो, म्हणजे आता शिकवणाऱ्यांना शिकवतो. परवा आमच्याकडच्या एका तरुण मास्तराने मला मैदानावरच गाठलं. त्याची मराठी अर्धी आणि हिंदी अर्धी, ही हल्लीची पिढी तशीच आहे. म्हणाला, "साहेब, तुम्ही फुटबॉलचे हेड कसे बनले? मला पण बनायचं आहे, रास्ता बताव ना." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी बाकावर बसलो आणि त्याला सांगायला लागलो. आधी मनसोक्त खेळ. मग कप्तान हो, म्हणजे इतरांच्या चुका आपल्या अंगावर घ्यायची सवय होते. नियम तोंडपाठ कर. गावोगावी जाऊन पंच हो, दोन्ही बाजूंच्या शिव्या खा. मग एखाद्या जुन्या मास्तराचा हात होऊन काही वर्षं काढ. तो हे सगळं वहीत उतरवून घेत होता. "और फिर?" म्हणाला. मी म्हटलं, मग जागा निघाली की अर्ज करायचा. त्याने तेही लिहून घेतलं. त्या दिवशी घरी आलो आणि मला जेवण गेलं नाही. बायको विचारत राहिली, मी पित्ताचं निमित्त सांगितलं.

आमचं घर कारकुनांचं, हे तुम्हाला ठाऊकच होतं. तुम्ही मला त्यावरूनच "पंत" म्हणायचात आणि सगळं मैदान हसायचं. वडील दफ्तरात होते. लोक गाऱ्हाणी घेऊन आमच्या ओसरीवर यायचे, रडत, शिव्या देत, एकातून दुसरं सांगत, आणि वडील शांतपणे लिहीत बसायचे. मला म्हणायचे, अर्जदार बोलतो ते ऐकायचं आणि त्याला जे म्हणायचं असतं ते लिहायचं. अशा घरातला मुलगा चामड्याच्या चेंडूला लाथा मारायला जातो म्हटल्यावर काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. मागच्या दाराने यायचं, विहिरीवर आंघोळ करायची, मग घरात पाऊल, असा नियम झाला. आई म्हणायची, याला फुटबॉल येत नाही, नुसती सर्दी येते. टेकडीखालच्या त्या मैदानावर पहिल्या दिवशी तुम्ही चेंडूच्या आतलं ब्लॅडर पुढे केलंत आणि तोंडाने फुगवायला कुणी पुढे येईना. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "चल पंत, मार फूंक." मी फुंकलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून, एवढंच.

तुम्ही पलटणीच्या बँडात बिगुल वाजवायचात, आणि त्याआधी महूच्या छावणीत गोऱ्यांचे बूट पुसायचात. खेळ तिथेच शिकलात. शाळेत बूट पुरेसे नव्हते, तर तुम्ही आम्हाला एकेकच बूट दिलात, तोही डाव्या पायात. मग उजव्या अनवाणी पायाने तो दगडासारखा चेंडू मारायची कुणाची हिंमत होणार? महिन्याभरात सगळ्यांचा डावा पाय चालायला लागला. मी पुढे किती मोठमोठ्या लोकांकडून खेळाबद्दल ऐकलं, पण इतकं साधं आणि इतकं हुशारीचं काही ऐकलं नाही.

आणि ती मॅच. बाहेरच्या माणसाला देवास समजावून सांगताना माझी अजून दमछाक होते, की एकाच गावात दोन राज्यं, रस्त्याच्या या बाजूला थोरली पाती, त्या बाजूला धाकटी, दोन दरबार, दोन शाळा. आपण थोरलीचे. दोन्ही पात्यांचे लोक दुतर्फा उभे आहेत, गोल बरोबरीत आहेत, आणि माझ्या हाताला लागून चेंडू आत जातो. पंचाने पाहिलेलं नाही. आपली बाजू नाचते आहे, फेटे उडताहेत. तुम्ही धोतरावर तो पलटणीचा जुना कोट घातलेला, रेषा ओलांडून सरळ माझ्याकडे येता. "पंत, हाताला लागला का नाही?" मी म्हणतो, लागला. "मग मला काय सांगतो? जा, त्याला सांग." मी गेलो, सांगितलं, गोल रद्द झाला आणि नंतर आपण हरलो. थोरलीच्या लोकांनी तुम्हाला काय काय ऐकवलं! दुसऱ्या दिवशी तुम्ही मला कप्तान केलंत. मला अभिमान वाटला आणि रागही आला, मास्तर. तो राग पूर्ण कधी गेलाच नाही, आता लिहितोच आहे तर हेही लिहून टाकतो.

शाळा संपल्यावर मी तुमच्या हाताखाली राहिलो. मैदानावर चुन्याच्या रेषा मारायच्या, लहान मुलांना धावायला लावायचं, आणि दर आठवड्याचा अहवाल लिहायचा. वरच्यांना अहवाल इंग्रजीत लागायचा आणि तुम्हाला अक्षरओळख नव्हती. तुम्ही बोलायचात, मी लिहायचो. तुम्ही म्हणायचात, "वो तिसरा, बैल आहे बैल, मुंडी खाली घालून पळतो." मी लिहायचो, विद्यार्थी कष्टाळू आहे, नजर वर ठेवण्याचा सराव चालू आहे. मग मला तुम्ही त्याचा अर्थ सांगायला लावायचात आणि खोकला येईपर्यंत हसायचात. "मी असं बोललो? वा रे पंत!" तुमच्या घरी हे चालायचं, स्वयंपाकघराच्या दारात. तुमच्याकडचं शिजवलेलं आम्हाला चालत नाही म्हणून तुमच्या पत्नी, आमच्या बाई, माझ्यासाठी फुटाणे आणि गूळ पानावर काढून उंबऱ्यावर ठेवायच्या. कोरडं चालायचं. त्यांनी ते किती वर्षं केलं आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मी मात्र फुटाणे जुने आहेत म्हणून नाक मुरडल्याचं मला आठवतं.

मग धारला जागा निघाली. सगळ्या शाळांवर मिळून फुटबॉलचा एक मुख्य मास्तर हवा होता आणि अर्ज इंग्रजीत करायचा होता. तुम्ही दुपारी मला बोलावलंत. बाई कणकेचे बाफले उकडून गोवऱ्यांवर भाजत होत्या, धुराने डोळे चुरचुरत होते. तुम्ही पाटावर बसलात आणि सांगायला लागलात, इतकं सलग तुम्ही आयुष्यात कधी बोलला नव्हतात. महूला गोऱ्यांचे बूट कसे पुसले. बुटाचा तळवा बघून तुम्हाला कसं कळायचं की हा कुठल्या पायावर वळतो, हा घाबरून टाचेवर जातो, याने काल पळायचा आळस केला. एक दिवस त्यांचा एक गडी तापाने पडला आणि तुम्हाला बॅकला, मागे बचावाला, उभं केलं, आणि मग पुढे सहा महिने तुम्हाला काढलंच नाही. "मला वाचता येत नाही," म्हणालात, "पण पोरगा चालत आला की मी सांगतो हा कुठं खेळणार." मी ऐकत होतो आणि माझ्या मनात त्याचं वाक्य आपोआप तयार होत होतं: महू छावणीतील लष्करी संघाबरोबर प्रत्यक्ष खेळून शिक्षण घेतलेला, खेळाडूची चाल पाहून त्याची जागा ठरवण्यात निष्णात. सुरेख वाक्य होतं. खरं होतं.

ते मी तुमच्या अर्जात लिहिलं नाही. तुमच्या अर्जात लिहिलं, मी गोऱ्या शिपायांचे बूट पुसणारा नोकर होतो. लिहिलं, मला वाचता-लिहिता येत नाही. बुटाच्या तळव्याचं लिहिलं ते अशा शब्दांत की वाचणाऱ्याला हसू यावं. आणि ते सुरेख वाक्य थोडं फिरवून घरी माझ्या स्वतःच्या अर्जात घातलं: महूच्या लष्करी संघात खेळलेल्या शिक्षकाच्या हाताखाली तयार झालेला, चाल पाहून खेळाडूची जागा ठरवण्यात निष्णात. मी अर्ज करतो आहे हे तुम्हाला सांगितलंच नव्हतं. त्याच दुपारी लिहून झाल्यावर बाईंनी भीत भीत विचारलं, "एक बाफला घेणार का?" मी आत जाऊन बसलो आणि तुपात बुडवलेला बाफला वरणात कुस्करून जेवलो, पहिल्यांदाच तुमच्या स्वयंपाकघरात. त्यांना काय आनंद झाला होता! आज मला त्या जेवणाची जेवढी लाज वाटते तेवढी अर्जाचीही वाटत नाही.

धारला ज्या साहेबांपुढे मी उभा राहिलो त्यांनी तुमचा अर्ज वरच ठेवला होता. "तुमच्याच गावचा आहे, ओळखता का?" म्हणाले, आणि बुटाच्या तळव्याची ओळ मोठ्याने वाचून दाखवली. शेजारचे दोघे हसले. मीही हसलो. मी तेव्हा एवढंच म्हणायला हवं होतं की साहेब, हा माणूस मला जे येतं त्याच्या दसपट जाणतो. तोंड उघडलं असतं तर काम झालं असतं की नाही, कोण जाणे. मी उघडलं नाही. जागा मला मिळाली.

तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही टांग्यापर्यंत पोचवायला आलात. वाईट वाटलं असणार, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाहीत. टांगेवाल्याला सांगत होतात, "भिया, सांभाळून ने, आपला पोरगा आहे, हेड झाला." मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलंत, "माझा अर्ज पोचला होता ना?" मी म्हटलं, पोचला होता. "नीट लिहिला होतास?" मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत तसाच. तुम्ही मान हलवलीत. "मग ठीक. नशीब." त्यानंतर मी देवासला फारसा आलो नाही. प्लेगच्या साथीत गाव माळावर झोपड्यांत राहायला गेलं आणि तुम्ही तिथेच वारलात, हे मला बाईंच्या पत्रातून कळलं. पत्र कुणाकडून तरी लिहून घेतलेलं होतं, फार नीटस. दुसऱ्या दिवशी सरदारपूरच्या छावणीच्या संघाशी आमची मॅच होती. मी आलो नाही. मॅच आम्ही जिंकलो.

इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो आहे. अर्जात एक शब्द खोटा नव्हता. हाताला लागलेला चेंडू लागला म्हणून सांगायला ज्याने लावलं, त्या माणसाला सरळच लिहिलेलं आवडलं असतं. मी जसं ऐकलं तसं उतरवलं, कारकुनाने आणखी काय करायचं? हे मी इतक्या वेळा घोकलं आहे की काही दिवस मला ते पटायचंसुद्धा. मुलं चांगली तयार झाली, मास्तर, तुमच्याच पद्धतीने, आणि लोक तिला माझी पद्धत म्हणतात. मी ते कधी खोडून काढलं नाही.

तो तरुण मास्तर उद्या पुन्हा वही घेऊन येईल. हा कागद त्याच्यापुढे ठेवावा असं लिहायला बसताना वाटलं होतं. आता वाटत नाही. कागद पेटीत जाईल, आणि त्याला मी पुन्हा तेच सांगेन, खेळ, कप्तान हो, पंच हो. तुम्हाला तरी पुरतं सांगतो. त्या दुपारी तुमचं सांगून झालं, मी दौत पुढे ओढली, तेव्हा तुम्ही माझा हात धरला होता. म्हणाला होतात, "पंत, मी बोललो तसं नको लिहू हां. मला बोलता येत नाही. तुम्ही लोक लिहिता ना, तसं लिही." आणि मी हो म्हटलं होतं.