सुलोचन

दिग्रस, रविवार

प्रिय दीपमाला,

फोनवर बोलायला बसलो की तुझी आई शेजारी कान लावून बसते आणि माझं अर्धं वाक्य तीच पूर्ण करून टाकते, म्हणून हे पोस्टाने पाठवतोय. कानाच्या पडद्याला आता कसं आहे? डॉक्टरांनी सहा महिने समुद्रात उतरू नको म्हटलंय, हेही मला तिच्याकडूनच कळलं. इकडे कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरलाय. पंक्चरचं दुकान मी आता दुपारपर्यंतच उघडतो. जिनिंगवाले मशीनचा तुटलेला पट्टा जोडायला अजून माझ्याकडेच येतात आणि त्यातला एखादा हमखास तुझी चौकशी करतो. पोरगी पाण्यात काय काम करते, हे मला अजून सांगता येत नाही. एका श्वासात खोल जाते आणि परत येते, एवढं सांगतो. मग तो विचारतो, “पण कायले?” मी पट्टा खरवडायला घेतो.

सप्टेंबरात तू आईच्या फोनवर फोटो पाठवला होतास. पायात घालायचे ते दोन हात लांब पंख. पाती एकाकडून जुनी घेतलेली, रबरी बूट दुसऱ्याचे, आणि दोन्ही जोडायला काय लावू, एवढाच प्रश्न. तिकडे गेल्यापासून चार वर्षांत तू मला विचारलेला पहिलाच. तुझ्यासोबत पाण्यात उतरणारा तो नयन काहीतरी दुसरंच लाव म्हणत होता, आणि तू त्याला म्हणालीस की माझ्या बाबांचा हात चाळीस वर्षं रबरावर बसलाय, त्यांनाच विचारते. आईने फोटो माझ्या नाकाशी धरला. “पाहा, पोरगी तुम्हाले विचारून राह्यली. आता तरी तोंड उघडा, का मुहूर्त काढू?”

तेव्हा जे सांगायला हवं होतं ते आता लिहितो. दोन नळ्या कालवून लावतात ते दगडासारखं होतं, पातं वाकलं की तडकतं. थेंबाने झटपट चिकटतं ते काचेसारखं, ते नकोच. पंक्चरचं पातळ सोलुशन ट्यूबच्या रबरावर ठिगळ धरतं, पण गुळगुळीत पात्याला ते धरत नाही, धरल्यासारखं दाखवतं. तुला हवं होतं ते मोठ्या डब्यातलं, घट्ट, पिवळट, बुटाच्या सोलला लावतात ते. जोड पात्यासोबत वाकला पाहिजे. पातं आणि रबर दोन्ही पॉलिश पेपरने खरवडायचं, स्पिरिटने पुसायचं, दोन्ही अंगांना पातळ हात द्यायचा आणि थांबायचं. बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. त्यानंतर दोन दिवस पाण्याचं नाव काढायचं नाही.

थांबायचं किती, ते मी घड्याळात कधी पाहिलं नाही. सातवीच्या पुस्तकातल्या कविता पहिल्या पानापासून म्हणायला घ्यायच्या आणि चौथी संपली की बोट लावून पाहायचं. तूही तशाच पाठ केल्यास, शाळेत जायच्या आधी, टायरच्या ढिगावर बसून. ‘पाऊस’ म्हणताना तू ‘पाउच’ म्हणायचीस आणि गिऱ्हाईकं हसायची. सातवीनंतर माझ्या वडिलांनी मला दुकानावर बसवलं. आठवीचा वर्ग मी दारातून पाहिला, गुरुजींच्या सायकलचं पंक्चर काढून ती परत द्यायला गेलतो तेव्हा. आत माझ्याच सोबतची पोरं कविता म्हणत होती. गुरुजी मला म्हणाले, “उकंडा, भिंतीला लावून ठेव.” सायकल लावून मी निघून आलो.

म्हणून तुला आर्णीच्या शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली तेव्हा मी बाजारात पेढे वाटत फिरलो. एकदा तुला न सांगता बसने येऊन तुझ्या वर्गाच्या खिडकीबाहेर उभाही राहिलो होतो. दोन वर्षांनी तू ती सोडलीस. गुदमरायला होतं म्हणालीस. वर्गात गुदमरणारी पोरगी पाण्याखाली श्वास धरायला अंदमानला गेली! हे मी सगळ्यांना हसून सांगतो. हसू येत नाही.

तर त्या दिवशी आईने तुला फोन लावल्यावर मी तिला म्हटलं, पोरीला सांग, सुलोचन लाव. सोलुशनचं सुलोचन आपल्याकडे सगळेच म्हणतात. मला तो शब्द आवडायचा, कवितेतल्या बाईसारखा. माझ्या दुकानात डब्यातलंही सुलोचन आणि पंक्चरच्या नळीतलंही सुलोचनच. तू तिकडे सायकलच्या दुकानातून नळी आणलीस. महिनाभर पोहण्याच्या टाकीत सराव केलास, जोड टिकला. मग समुद्रातल्या स्पर्धेत बावीस मीटरवर डाव्या पायाचं पातं बुटातून निघालं, कानाचा पडदा फाटला, आणि नयनने तुला धरून वर आणलं.

आई आता सगळ्यांना सांगते की एका शब्दाने घोळ केला. म्हणते, “याह्यले ऐकू येत नाही ना आता. तिनं फिरून विचारलं, ते यांच्या कानातच गेलं नाही. हे आपले हो म्हणून मोकळे.” तिचा त्यावर पक्का विश्वास आहे. तुझाही बसला. परवा तुझा निरोप तिने मोठ्याने वाचून दाखवला: बाबा, माझंच चुकलं, तुम्हाला कमी ऐकू येतं हे माहीत असून मी खात्री एकदाच केली, मला माफ करा.

ती माफी परत घे, दीपा. फोन स्पीकरवर होता, तू विचारलंस, “तेच ना बाबा, पंक्चरवालं?” मला स्वच्छ ऐकू आलं. ते पात्याला धरणार नाही, हे मला माहीत होतं, आणि तरी मी हो म्हणालो. वाटलं, टाकीतच निघेल, चार लोक हसतील, मग घरी येशील. समुद्राचा विचार केला नाही, असं लिहिणार होतो, पण खोटं किती लिहू? केला होता. नंतर महिनाभर रोज फोन माझ्या हाताशी होता. तू शाळा सोडलीस त्याचा राग माझा अजूनही गेलेला नाही. पण तू माझी माफी मागावी, एवढा माझा हक्क नाही. आईला काय सांगायचं ते तू ठरव.

तुझाच, तू म्हणू देशील तोवर,
बाबा